मोठं की लहान, हे आधी

विद्याधरकाका गेल्याचा सुलभाकाकूंचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्याचसाठी सामान घेऊन इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये उभी होते. त्याला आता सहा आठवडे झाले.

काका इथल्या एका औषध कंपनीच्या लॅबमधून निवृत्त झालेले. घर आमच्या मागच्याच रस्त्याला. माझी मुलगी इरा केमिस्ट्रीत गटांगळ्या खायला लागली, तेव्हा मी तिला दर शनिवारी त्यांच्या डायनिंग टेबलाशी नेऊन बसवू लागले. रेणूंची संख्या दिलेली, त्यावरून मोल काढायचे, एवढंच. पण इरा भागायच्या ऐवजी गुणायची. एकदा अर्धा मोल पाण्याचं उत्तर तिने अठ्ठेचाळीस आकडी आणलं. "अगं, एवढं पाणी ठेवू कुठे? पृथ्वीवर मावत नाही," काका म्हणाले. "तुमच्या गराजमध्ये, काका!" ते हसले नाहीत. "कॅल्क्युलेटर खाली ठेव. एका मोलमध्ये सहावर तेवीस शून्यं इतके रेणू. तुझ्याकडे त्याच्या निम्मे. मग उत्तर एकापेक्षा मोठं की लहान?" मला हे वेळखाऊ वाटायचं. "सूत्र द्या ना काका, पाठ करेल ती," मी म्हटलं. "पाठच आहे तिचं. म्हणून तर न बघता चुकते."

शेवटच्या महिन्यात त्यांच्या वेदना गोळ्यांना दाद देईनात. मी औषधांचा तक्ता करून त्यांच्या फ्रिजवर लावला. तेवढंच माझ्या हातात होतं. एका शनिवारी दुपारी नर्सने फोनवर सांगितलं, नव्या पातळ औषधाचे पाच मिलिग्रॅम लगेच द्या. बाटलीवर लिहिलेलं, एका मिलिलिटरमध्ये वीस मिलिग्रॅम. आत काका कण्हत होते. काकू दारातून म्हणत होत्या, "अगं, लवकर..." वीस भागिले पाच. मी तक्त्यात चार मिलिलिटर लिहिलं आणि एक मिलिलिटरची एवढीशी सिरिंज एकदा भरली. अजून तीनदा भरायची होती.

"आई, थांब. किती देतेयस?"

"चार. बाजूला हो."

"वन एमएलमध्ये ट्वेंटी आहेत ना? आपल्याला फाइव्हच हवेत. मग वनपेक्षा मोठं की लहान?"

माझा हात तिथेच थांबला. पाव मिलिलिटर. मी सोळापट देणार होते... नर्सला परत फोन लावला, आकडा दोनदा वदवून घेतला आणि मगच औषध दिलं. तासाभराने काकांचा चेहरा सैल झाला. डोळे मिटलेलेच. "चूक कोणी पकडली?" त्यांनी विचारलं. आमचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं होतं.

"इराने."

"मग आता तिला शनिवारी यायची गरज नाही. ...तरी येऊ दे."

इरा अजून दर शनिवारी काकूंकडे जाते. काकूंनी तो तक्ता अजून काढलेला नाही. संपलेली यादी मी एरवी फाडून टाकते. यावर माझ्या अक्षरातला चार आहे, खोडलेला, शेजारी इराने लिहिलेलं ०.२५. मला तो कोणी दाखवत नाही. त्या स्वयंपाकघरात गेले की मी मात्र आधी तोच वाचते.