सहावा टक्

जगात रिव्हॉल्व्हरवर जीव टाकणारी माणसं पुष्कळ असतील, पण रिव्हॉल्व्हरवर जीव टाकून टिकल्यांच्या बंदुकीला घाबरणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. दिवाळीच्या चार दिवसांत ते कानात कापूस घालून मागच्या खोलीत बसतात. अंगणातले फटाके आमच्या आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, एकट्या उडवतात आणि सगळे संपले की खिडकीवर टकटक करून त्यांना बाहेर बोलावतात. झुरळ मारायचं झालं तरी साडू शेजाऱ्याला हाक मारतात. मात्र दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कुठला स्क्रू कुठल्या पट्टीखाली होता आणि तो तिथून का हलवला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. विचारू नका खरं तर. मी एकदा विचारलं होतं आणि माझी नांदेडची एसटी चुकली होती.

अहमदपूरच्या बसस्टँडमागं त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. तरुणपणी नांदेडला आयटीआय शिकत असताना रद्दीच्या दुकानात त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं. पुढचं कव्हर नाही, मागची पानं नाहीत, मधे वाळवीनं केलेला बोगदा. साडूंचं इंग्रजी तेव्हाही बेताचं होतं आणि आजही आहे, पण त्यात चित्रं होती, यंत्राचे उभे-आडवे छेद होते आणि छेद त्यांना कादंबरीसारखे वाचता येत. त्या पुस्तकानं हा माणूस जो पकडला तो आजतागायत सोडला नाही. पुस्तक जिथं फाटलं आहे तिथं त्यांचा रिव्हॉल्व्हरचा इतिहासही संपतो. त्याच्यापुढं निघालेल्या सुधारणा त्यांना मान्य नाहीत. मी मोबाईलवर दाखवायला गेलो तर म्हणाले, "ते नंतरच्या लोकायचं हाय, साडू. तयार घरात कुणीबी ऱ्हातंय." मोबाईलवर जुन्या रिव्हॉल्व्हरचे व्हिडिओ ते बघतात, पण माणूस नेम धरायला लागला की पटकन बंद करतात. गोळीत त्यांना काडीचा रस नाही. "गोळी सुटल्यावर काय व्हतंय ते मला सांगू नका," असं ते अगदी काकुळतीनं म्हणतात.

त्यांची शिकवण्याची पद्धत मात्र अशी की ऐकणारा आयुष्यभर विसरत नाही, विसरायची कितीही इच्छा असली तरी. माझ्या मेहुण्याच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो आणि वाढपी भाजीची बादली घेऊन येत होता. साडूंनी माझा हात धरला. "हे बगा. पहिल्या काळात दर गोळीला येगळी नळी ऱ्हायची. सहा गोळ्या, सहा नळ्या. म्हंजे सहा पाव्हणे आन् सहा वाढपी. वजन किती, इचार करा! मंग एकानं डोकं लावलं. वाढपी एकच ठिवायचा, पाव्हणे फिरवायचे." इथवर ठीक होतं. पण प्रात्यक्षिक दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी रांगेतल्या सहा जणांना ताटांसकट उठवलं, गोल उभं केलं आणि एकेकाला बादलीसमोर आणायला सुरुवात केली. त्यात मुलीकडचे एक वजनदार पाहुणे होते. ते दोनदा फिरले आणि दोन्ही वेळा त्यांचं ताट वाढप्याच्या पळीपासून वीतभर पुढं गेलं. भाजी त्यांच्या धोतरावर पडली. साडू आनंदानं ओरडले, "हेच! हेच तर म्हणून राहिलो! फिरवणं सोपं हाय ओ, नेमकं थांबवणं अवघड हाय!"

हे त्यांच्या साऱ्या विद्येचं सार आहे. रिव्हॉल्व्हरची चक्री फिरते याचं लोकांना कौतुक, साडूंना ती थांबते याचं. घोडा मागं ओढला की एक लोखंडी बोट चक्रीला पुढं ढकलतं, हे त्यांच्या मते कुणालाही सुचलं असतं. पण चक्रीवर बाहेरून सहा खाचा पाडायच्या, खालून एक बारीक खुंटी स्प्रिंगवर बसवायची आणि गोळीचं घर नळीसमोर आलं की त्या खुंटीनं टक् करून खाचेत शिरायचं, केसभर इकडं नाही की तिकडं नाही, हे ज्याला सुचलं त्याच्या पाया पडायला ते विमानानंही जायला तयार आहेत. त्यांनी विमान अजून जवळून पाहिलेलं नाही.

बाकीच्या सुधारणा त्यांनी संसारात वापरून टाकल्या आहेत. सुरुवातीच्या चक्रीत एका घरातला जाळ शेजारच्या घरात शिरायचा आणि सगळी घरं एकदम उडायची. मग प्रत्येक घराच्या तोंडाला चरबी लावून ते बंद करायची युक्ती निघाली. साडूंच्या गल्लीत दोन सख्ख्या भावांचं बांधावरून भांडण पेटलं, तेव्हा सगळी गल्ली मधे पडायला धावली. साडूंनी हात जोडून, ढकलून, गोड बोलून प्रत्येकाला आपापल्या घरात घातलं आणि बाहेरून कड्या लावल्या. दुपारपर्यंत अख्खी गल्ली कोंडलेली होती. भांडण मात्र त्या दोघांतच विझलं, कारण बघायलाच कुणी नव्हतं. तसंच जुन्या रिव्हॉल्व्हरला चक्रीच्या वरून पट्टी नसायची, त्यामुळे नळी हळूहळू ढिली पडायची. पट्टी आली आणि सगळं अंग एकसंध झालं. माझ्या मुलीला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, नोकरी पक्की, बोलणं साखरेसारखं. सगळे खूश. साडू कोपऱ्यातून म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पर वरची पट्टी न्हाई." पाहुण्यांनी मुलाच्या डोक्याकडं बघितलं. माझ्या बायकोनं मात्र त्याच संध्याकाळी नकार कळवला. "दाजी उगाच बोलत नाहीत," एवढंच ती म्हणाली आणि साडूंचं बोलणं तीस वर्षं ऐकूनही मी मान डोलावली.

एकदा त्यांनी सागवानाचा एक नमुना घडवला. चक्री लाकडाची, बोट शिलाई मशीनच्या पत्र्याचं, स्प्रिंगही मशीनचीच. नळीला भोक मुद्दाम पाडलं नव्हतं, "कुणाला शंका नको" म्हणून. तो पिशवीत घालून ते लातूरला मित्राला दाखवायला निघाले आणि बसस्टँडवर पिशवीचा बंद तुटला. दहा मिनिटांत शिट्ट्या, गर्दी आणि एक हवालदार. हवालदारानं दटावून विचारलं, "काय हाय हे?" या प्रश्नाची साडू जन्मभर वाट बघत होते. पाऊण तासानं मी पोहोचलो तेव्हा गर्दी पांगली होती, दोघं बाकावर बसले होते आणि हवालदार डोळे मिटून लाकडी चक्री फिरवत विचारत होता, "मंग ह्या खुंटीची स्प्रिंग तुटली तर?" साडू म्हणाले, "मंग काय, नुस्ता भवरा."

पण लाकडाला आवाज येत नाही, निदान हवा तसा येत नाही. मोबाईलमधला आवाज डब्यातला वाटतो. साडूंची आयुष्यात एकच इच्छा होती. खरं, त्या जुन्या जातीचं रिव्हॉल्व्हर एकदा, रिकामं, हातात घ्यायचं, चक्री फिरवायची आणि खुंटी खाचेत पडल्याचा टक् आपल्या कानांनी ऐकायचा. बाकी त्यांनी कशाचाच हट्ट धरला नाही. आक्कांनी चार धाम काढले तेव्हाही हे म्हणाले, "तू ये जाऊन. माझं एकच धाम हाय आन् त्याला लायसन लागतंय."

यंदा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि तो योग आला. निवडणूक आली की लायसनवाल्यांना आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचे वडील, आप्पा, उमरीजवळच्या गावात राहतात. वय पंच्याऐंशी. निजामाच्या काळापासून त्यांच्या घरात एक रिव्हॉल्व्हर आहे, आजोबांकडून वडिलांकडं आणि वडिलांकडून आप्पांकडं आलेलं. दर निवडणुकीला आप्पा धुतलेलं धोतर नेसून, ते फडक्यात गुंडाळून ठाण्यात जायचे, पावती घ्यायचे आणि निकाल लागला की परत आणायचे. या वेळी मुलांनी ठरवलं की आता लायसन पुढं चालवायचं नाही, कायमचं जमा करून टाकायचं. सरकार ते मोडीत काढणार. सहकाऱ्यानं हे शाळेत सांगितलं. मी लगेच साडूंना फोन केला. पलीकडं चालू असलेलं मशीन थांबलं.

जमा करायच्या आदल्या सकाळी आम्ही आप्पांच्या ओसरीवर होतो. साडू लग्नातला सदरा घालून आले होते. त्यांनी तीनदा साबणानं हात धुतले आणि तिसऱ्यांदा नखंही घासली. आप्पांनी मुलाच्या, म्हणजे माझ्या सहकाऱ्याच्या, देखत फडकं सोडलं. पोलादाचा रंग उडालेला, मूठ शिसवीची, वर पट्टी, चक्रीवर बाहेरून खाचा. साडूंनी घरं रिकामी असल्याचं दोनदा बघितलं आणि माझ्याकडं वळून एवढंच म्हणाले, "पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचं." मग त्यांनी ते घड्याळासारखं कानाशी धरलं, डोळे मिटले आणि घोडा हळूच मागं ओढला.

काहीच आवाज झाला नाही. चक्री आपली सर्रकन फिरली आणि फिरतच राहिली. भोवरा.

खुंटीची स्प्रिंग तुटली होती. आप्पा ओशाळून म्हणाले, "ते माझ्या बापाच्या म्हातारपणापासून असंच हाय. दुरुस्तीला कुठं न्यायचं म्हणून ठिवलं तसंच." म्हणजे इतकी वर्षं, दर निवडणुकीला, पोलिसांनी ज्याची राखण केली त्यातून काहीच सुटणार नव्हतं. एरवी मी हसून लोळलो असतो. पण मी साडूंच्या तोंडाकडं बघितलं आणि मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं जपलेला एक टक्, आणि तोच नेमका तुटलेला.

साडूंच्या खिशात कायम एक पत्र्याची डबी असते. त्यांनी ती उघडली. आत शिलाई मशीनच्या स्प्रिंगा होत्या आणि त्यातली एक, मलाही दिसत होतं, जुळत होती. आप्पांचे डोळे चमकले. "बसतीय का ओ? बसवा की!" मुलगा म्हणाला, "आप्पा, तसं करता येत न्हाई, गुन्हा व्हतो." आप्पांनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही, ते साडूंच्या बोटांकडं बघत होते. साडूंनी स्प्रिंग चिमटीत धरली, बराच वेळ धरली, आणि परत डबीत टाकली.

"नगं आप्पा," ते म्हणाले. "गुन्ह्याचं राहू द्या. चालू झालं तर उद्या ठाण्यात देताना तुमच्या हातून सुटायचं न्हाई."

आप्पांनी फडकं गुडघ्यावर सपाट केलं. साडूंनी डबी खिशात ठेवली, रिव्हॉल्व्हर मांडीवर घेतलं, अंगठ्यानं चक्री सावकाश फिरवली आणि पहिली खाच आली तशी तिच्यात नख रोवून ती थांबवली. नेमकी. केसभर इकडं नाही की तिकडं नाही. आणि जिभेनं आवाज काढला, टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा नख, टक्. साठीचा माणूस, लग्नातला सदरा, मांडीवर मोडकं हत्यार आणि तोंडानं टक् टक्. सहा खाचा, सहा वेळा. मला लाजही वाटली आणि रडूही आलं. वर बघतो तर आप्पांच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं. "असाच," ते म्हणाले. "माझा बाप सांजच्याला पुसायला बसायचा तवा असाच यायचा. मी उंबऱ्यावर बसून मोजायचो. आनखी एकदा करा बरं."

दुसऱ्या दिवशी ते जमा झालं. चार दिवसांनी साडूंच्या दुकानात आप्पांचा फोन आला. करमत नव्हतं. म्हणाले, तेवढा आवाज काढा. तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी संध्याकाळी फोन येतो. साडू मशीन थांबवतात, दुकानातल्या शिंप्यांना बोटानं गप्प करतात आणि फोनमध्ये सहा टक् देतात.

गेल्या आठवड्यात मी दुकानात चहा पीत होतो तेव्हा फोन वाजला. साडूंनी टक् द्यायला सुरुवात केली. मीही मनात मोजत होतो. पाच झाले आणि ते थांबले. मी खुणेनं म्हटलं, एक राहिला. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, "मुद्दाम ठिवला. आप्पाला ऐकू कमी येऊन राहिलंय. इचारतेत का बघायचं असतंय." मग त्यांनी हात काढला आणि फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडून काही नाही. एक शिंपी कात्री हातात तशीच धरून उभा होता. साडूंच्या कपाळावर घाम आलेला मी पहिल्यांदाच बघितला. फटाक्यांनाही ते इतके कधी घाबरले नव्हते.

मग फोनमधून आप्पांचा बारीक, कुरकुरता आवाज मला इथवर ऐकू आला.

"पाचच झाले की ओ. एक कुठं गेला?"

साडूंनी डोळे मिटले आणि सहावा टक् दिला.