विमान जाईपर्यंत

"भाऊजी, आज येऊ नका... हे गेले." सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी एस्प्लनेडला मेट्रो बदलत होतो. हावड्याहून डमडमला, मधूकडे, दर रविवारसारखा. पिशवीत त्याच्या आवडीच्या मिठाईचा डबा होता. येऊ नका म्हणाल्या खऱ्या, पण मी न जाऊन करणार काय होतो? महिना उलटून गेला... रविवार आला की पाय अजून तिकडेच वळतात.

मधुकर सबनीस आणि मी एकाच बँकेतले. बदल्यांच्या फेऱ्यात कलकत्त्याला आलो आणि निवृत्तीनंतर इथलेच झालो. मराठीत मनसोक्त भांडायला आम्हाला दुसरं होतं तरी कोण? भांडणाचा विषय एकच, एक अमेरिकन दिग्दर्शक. मधू त्याला 'आपला म्हातारा' म्हणायचा, जसा काही सख्खा चुलता! त्याचे सगळे चित्रपट पहिल्यापासून ओळीने बघायचे, एकही गाळायचा नाही, असा मधूचा हुकूम. आता घर विमानतळाजवळ. डोक्यावरून विमान गेलं की संवाद बुडायचे, मग हा पॉज दाबायचा आणि विमान जाईपर्यंत ओरडून ओरडून म्हाताऱ्याबद्दल सांगायचा. मला त्या माणसाची जी काही माहिती आहे, ती सगळी विमानांच्या कृपेने. पहिला चित्रपट त्याने मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर काढला होता. ओसाड रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर बापलेक गिऱ्हाईकाची वाट बघतात, बस्स. "बाप मुलाकडे एकदाही बघत नाही, बघितलंस? आणि तरीसुद्धा..." तेवढ्यात विमान जायचं, आणि मधू वाक्य तसंच टाकून प्ले दाबायचा. वैताग यायचा अगदी.

पुढे मोठ्या कंपन्यांनी म्हाताऱ्याला उचललं. पैसा आला, नाव झालं, आणि चित्रपटांचे शेवट भलतेच लोक कापू लागले. एकेक चित्रपट बघवेना. "संपला रे तुझा म्हातारा," मी म्हणायचो. मधू भडकायचा. "डोंबल संपला! शेवटचा येऊ दे, मग बोल. त्यात तो परत त्या पेट्रोल पंपावर गेलाय. एक फ्रेमही कुणाला कापू दिली नाही म्हणे." तो शेवटचा मधूनेही पाहिला नव्हता, राखून ठेवला होता. हृदयाच्या दुखण्याने तो खचत चालला होता, त्याला जिनाही चढवत नव्हता. "माणूस शेवटी सावरतो रे," एवढंच म्हणायचा. त्याला ते त्या चित्रपटात बघायचं होतं. तो गेला त्या रविवारी आम्ही तोच लावणार होतो.

परवा वहिनींनी बोलावलं. "त्यांचा राहिलेला सिनेमा बघून टाकू या." त्या आजवर आमच्यात कधी बसल्या नव्हत्या. परवा मधूच्या खुर्चीशेजारी बसल्या. खुर्ची तशीच ठेवली. रिमोट मी घेतला. पॉजच्या बटणावरची खूण मधूच्या अंगठ्याने पार पुसून गेलेली.

चित्रपट वाईट होता. तोच पंप, तोच रस्ता, पण कशातच जीव नाही. बाप मुलाकडे सारखा बघतो, सारखा बोलतो, आणि काही म्हणजे काही होत नाही. म्हातारा खरंच संपला होता. मधूने पाहिला नाही ते बरं झालं, असंही मला म्हणवत नाही.

विमान आलं. मी सवयीने पॉज दाबला. वहिनी माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "आता हे काय म्हणाले असते हो?"

मी आठवून बघितलं. 'आणि तरीसुद्धा...' एवढंच आठवलं.

विमान गेलं. वहिनींनी माझ्या हातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.