बाबांचा कान

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. बाबा भूमापक होते. दुष्काळानं भेगाळलेल्या रानांत, पार देवणीपर्यंत, मोजणीसाठी दिवसभर उन्हात फिरायचे. त्यांना रक्ताचा कॅन्सर होता, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारा. नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरली. पडायची, पुन्हा यायची. गल्लीतल्या एका कंपाउंडरनं चामखीळ म्हणून ती ॲसिडनं जाळली. त्यानंतर कान सडायलाच लागला. सकाळी उशीचा अभ्रा जखमेला चिकटलेला असायचा. सोडवला की पिवळं पाणी गळायचं. माशा हटत नसत. पट्ट्या धुवायलाही टँकरचंच पाणी. त्या वासानं मला जेवताना उमासे यायचे. एक दिवस मी बाबांचा पेला वेगळा ठेवला.

त्यांनी तो पाहिला. म्हणाले, "लहानपणी गावात लोक आम्हाला वरून पाणी वाढायचे, बाई. तेबी इतकं लागलं न्हाई."

मला माझीच किळस आली. तरीही पेला वेगळाच राहिला.

ऑफिसात हेडक्लार्कला तो महारोग वाटला. त्यानं बाबांचं टेबल व्हरांड्यात काढलं. त्या संतापात मी रजेचा अर्ज लिहून बाबांची सही घेतली आणि त्यांना नांदेडला नेलं.

डॉक्टरांनी कान पाहिला, मान चाचपली आणि भडकले. "बजावलं होतं ना? तुमच्या आजारात शरीराची राखण करणाऱ्या पेशीच बिघडलेल्या असतात. कातडीचा कॅन्सर इतरांपेक्षा लवकर होतो आणि झपाट्यानं पसरतो. उन्हात जाऊ नका, जखम भरली नाही तर लगेच या, असं सांगितलं होतं."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. बाहेर आल्यावर विचारलं, "घरी का नाही सांगितलं?"

"तुम्ही रानात जाऊ दिलं नसतं. नव्या जिल्ह्याचे नकाशे व्हायलेत. त्यात माझ्या हातच्या हद्दी पायजे होत्या मला."

अर्धा कान कापावा लागला. पुढे महिनाभर पट्टी मीच बदलली, श्वास रोखून. वास गेला, पण माझी किळस गेली नाही. बाबांना ती कळायची. मी जवळ गेले की ते डोळे मिटून घ्यायचे, मला मोकळेपणानं तोंड वाकडं करता यावं म्हणून.

त्यानंतर ते चार वर्षं जगले.