मागाच्या खड्ड्यावरची घरपट्टी

दत्तोपंत वकिलांच्या एकसष्टीनिमित्त चार गोड शब्द लिहावेत, असे गौरवसमितीने मला सुचविले आहे. ते मला साधणार नाही. घरमालक संघाचा सहचिटणीस म्हणून मी इतकी वर्षे त्यांच्या शेजारी बसलो आहे, आणि त्यांना जे सोसावे लागले त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यांना मी प्रथम पाहिले ते म्युनिसिपालिटीच्या व्हरांड्यात, एका कारकुनावर कडाडताना. त्यांच्याच घराची पट्टी वाढली असावी, असे मला वाटले. चौकशी करता कळले, की घर एका परटिणीचे होते आणि पंतांची तिची ओळख त्याच दिवशी सकाळी झालेली होती. दुसऱ्या आठवड्यात मी संघाचा सभासद झालो.

पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात घरपट्टीचे नवे बिल आले. ज्या खोलीत धंदा चालतो ती कारखाना समजून तिच्यावर दुप्पट पट्टी घ्यावी, असे त्यात एक कलम होते. हे लिहिणाऱ्याने सोलापुरातील विणकराचे घर जन्मात पाहिले होते काय? एकच खोली. तिच्या जमिनीत खड्डा खणून बसविलेला माग, आणि त्याच मागाच्या कडेला चूल, पाळणा नि अंथरुणे. दुप्पट पट्टी म्हणजे एक तर माग मोडा, नाहीतर घर विका.

कलम पास होण्याआधीच आमच्या म्युनिसिपालिटीने उतावीळपणे मोजणी सुरू केली. बाहेरगावाहून आलेल्या अंमलदारांनी नरसय्या विणकराच्या घरातला मागाचा खड्डा पाहिला आणि 'तळघर' म्हणून त्याचीही आकारणी केली! पंतांनी त्यांना पुन्हा त्या घरी नेले आणि तळघरात उतरण्याची अदबीने विनंती केली. साहेब कोटासकट उतरले, ते जेमतेम गुडघ्यापर्यंत.

नरसय्या हात जोडून म्हणाला, "साहेब, हितं कोण ऱ्हातंय? माग चालवताना माजे पाय तेवढे ऱ्हातेत की!"

सारी गल्ली हसली. पंत मात्र आमच्यावरच खेकसले, "हसता काय? त्याचे घर चालले आहे!"

परक्या अंमलदाराचे अज्ञान एक वेळ पोटात घालता येईल. आमच्याच संघातील चाळमालकांनी जे केले, ते पोटात घालवत नाही. संघाने मागाच्या कलमाविषयी तोंड मिटून बसावे, म्हणजे चाळींतील रिकाम्या खोल्यांची पट्टी माफ होईल, असा निरोप बिलाच्या पुरस्कर्त्यांकडून आला, आणि ही प्रतिष्ठित मंडळी सभेत खुशाल माना डोलवू लागली! खुद्द पंतांच्या चाळीतील निम्म्या खोल्या तेव्हा रिकाम्या होत्या. ते उठले आणि म्हणाले, "आपण स्वतःला घरमालक संघ म्हणवतो. नरसय्या आपल्या घराचा मालक नाही काय? तो नसेल, तर मीही नाही." तोंड मिटून बसण्याचा ठराव पडला. बड्या चाळमालकांनी पंतांकडील आपले कज्जे काढून घेतले. पंतांनी मुंबईस जाऊन कौन्सिलाच्या समितीपुढे साक्ष दिली आणि ते कलम गळाले.

असा हा तापट गृहस्थ मनाने किती मऊ आहे, हे मी जाणतो. मी विषमज्वराने पडलो होतो तेव्हा ते रोज संध्याकाळी येऊन उशाशी बसत, स्वतःच्या हाताने कपाळावर पट्ट्या ठेवीत, आणि तेवढ्यातही बिलावरून माझ्याशी वाद घालीत. माझी पत्नी म्हणे, "भावोजी, त्यांना आधी बरे तर होऊ द्या!"

आता तेच कलम शब्द फिरवून पुन्हा आले आहे. डॉक्टरांनी पंतांना प्रवास वर्ज्य सांगितला आहे. आणि मांडव सजवणारी आमची मंडळी काय म्हणतात? "पंत हायेत की! जातील मुंबईला." पंतांनी शंभर वर्षे जगावे असे आपण म्हणतो ते प्रेमापोटी, की आपल्याला जागचे उठावे लागू नये म्हणून?

परमेश्वराने पंतांना उदंड आयुष्य द्यावे, त्यांचा खोकला बरा करावा, आणि हे दिवस त्यांना स्वतःच्या घरात पाय पसरून घालवता यावेत, एवढेच माझे मागणे आहे. हार घालून झाले, की मुंबईच्या गाडीत आपण चढू या. नरसय्याने स्वतःचे तिकीट कालच काढले आहे.