माझं आडनाव बाहेर जात नाही

मेल परत आला. इंदूरच्या व्यापाऱ्याला पाठवला होता, चटईच्या रंगाबद्दल. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. मला वाटलं नेट गेलं असेल. कॉम्प्युटर बघणाऱ्याला विचारलं, तर तो मान वर न करता म्हणाला, मॅडम, तुमचा मेल आता कंपनीच्या आतच जाईल, धाकट्या शेठनी सांगितलंय.

जळगावच्या एमआयडीसीतला चटईचा कारखाना. बाहेरच्या व्यापाऱ्यांना पत्रं मीच लिहायची. आदल्या दिवशी तोच इंदूरवाला येऊन गेला होता. पत्रं आवडतात म्हणून मुद्दाम मला भेटला. आडनाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, साक्रीकडचं, तेही सांगितलं. त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही, धाकट्या शेठशीच बोलत बसला.

धाकट्या शेठकडे गेले. सगळं ऑफिस ऐकत होतं.

"लिहा तुम्हीच, छान लिहिता. मला पाठवा, मी पुढे पाठवीन. बाहेर तुमचं आडनाव नको. लोक वेगळं समजतात."

मी बरं म्हटलं. काय बरं होतं त्यात, कर्म माझं! पण रागच आला नाही. सगळं बधिर. जागेवर गेले, डबा खाल्ला. शेजारच्या टेबलावरची मुलगी, पत्र लिहायला मीच शिकवलेली. तिचे मेल बाहेर जात होते. तिचं आडनाव चालत होतं.

मग तेच सुरू झालं. लिहायचं मी, खाली नाव धाकट्या शेठचं. व्यापारी त्यांचं कौतुक करायचे, ते मला हसत हसत सांगायचे. मी पुढचं पत्र लिहायला घ्यायची.

दिवाळीत गावी गेले. माय शेजारणीला सांगत होती, पोरगी कुठकुठे पत्रं धाडते. मग माझ्याकडे वळली.

"त्यामा तुनं नाव ऱ्हास ना?"

माझं नाव नसतं त्यात, म्हणाले. ती उठून भांडी घासायला लागली. तिच्या पाठीकडे बघत बसले, आणि तेव्हा कुठे, इतक्या महिन्यांनी, मला राग आला.

परत आल्यावर एक मेल लिहिला. आत जातोय ना, मग आतल्या सगळ्यांना पाठवला, मोठ्या शेठपासून गोदामापर्यंत. माझ्या आडनावामुळे माझा मेल बाहेर बंद केलाय. यापुढे माझं पत्र माझ्याच नावाने जाईल, नाहीतर मी लिहिणार नाही. खाली पूर्ण नाव.

धाकट्या शेठनी बोलावलं. आजवर मला "तुम्ही" म्हणायचे.

"कंपनी तुझ्या बापाची आहे का?"

"नाही. आडनाव बापाचं आहे."

सकाळपासून व्यापाऱ्यांच्या तक्रारी पडून आहेत. शेजारची मुलगी येऊन विचारून गेली, काय उत्तर द्यायचं. मी सांगितलं नाही. शेठना सांगितलंय, कामावरून काढायचं तर काढा. पण कारण लेखी द्या, आणि त्यात माझं आडनाव लिहा. तोवर माझ्याकडून एक ओळ मिळणार नाही.