लाथाडलेला बचनाग

यिनहुआ, पत्र वाचायचा तुला कंटाळा, तरी हे शेवटपर्यंत वाच. गावात तुझी गोष्ट जो तो आपल्या सोयीनं सांगतो. आता मी, तुमच्या गावच्या शाळेतली बाई, सांगते, एखाद्या परक्या बाईची सांगावी तशी.

हिवाळा लागला की युन्नानच्या आमच्या डोंगरात डुकराच्या पायांबरोबर बचनागाचा विषारी कंद शिजतो. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या त्या रश्श्यावर थंडी काढतात. पण कच्चा राहिला तर आधी ओठ बधिर, मग जीभ, मग काळीजच थांबतं. म्हणून दिवसभर चूल विझू द्यायची नाही. पाणी आटलं तर उकळतंच घालायचं, गार थेंबसुद्धा नाही. झाओंच्या घरात हे काम थोरल्या सुनेचं, यिनहुआचं.

त्या दिवशी सासूच्या गुडघ्यांसाठी पातेलं चढलं होतं. यिनहुआ डुकरांना खायला घालून आत आली, तर रस्सा काठोकाठ वर आलेला. धाकटा दीर गुओलियांग दारू पिऊन चुलीपाशी वाडगे मांडत होता.

"पाणी कोणी घातलं?"

"मी. करपत होतं. तुमचं लक्ष कुठंय, वहिनी?"

"गार?"

"नाही, अत्तर घातलं! सरका. आई केव्हाची भुकेली आहे."

"आज कोणी खायचं नाही. पुन्हा उकळायला हवं, पहिल्यापासून."

"घ्या! भात आमचा, हुकूम हिचा!"

त्यानं आईचा वाडगा भरला. यिनहुआनं तो हिसकून भिंतीवर फोडला. त्यानं तिच्या थोबाडीत दिली आणि दुसरा भरला. म्हातारीनं तो ओठांपाशी नेला, तशी यिनहुआनं हात मारून तो उडवला आणि पातेल्यालाच लाथ घातली. उकळता रस्सा गुओलियांगच्या मांड्यांवर गेला. तो गुरासारखा ओरडला, चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि तिच्या तोंडावर हाणलं. ती पडली तरी हाणत राहिला. बरगड्या मोडल्या, डावा डोळा गेला. नवरा दारातून "पुरे, पुरे" म्हणत होता. हात मात्र बाह्यांतच. सासू रडली ती मटणासाठी.

कोणी खाल्लं नाही, म्हणून कोणी मेलं नाही. आणि कोणी मेलं नाही, म्हणून तिचं म्हणणं कुणाला पटलं नाही. अन्नाला लाथ मारणारी बाई, एवढंच नाव उरलं.

उठून बसता आल्यावर तू राखेतून वेचलेला बचनागाचा एक तुकडा पुडीत बांधून माझ्या हातात दिलास. म्हणालीस, "बाई, तालुक्याच्या इस्पितळात तपासून आणा. विषारी होता, एवढंच मला त्याच्या तोंडावर फेकायचंय."

मी निघाले, तर बसथांब्यावर तू धापा टाकत हजर, डोक्याला पट्टी.

"नका जाऊ, बाई."

"अगं, का?"

"शिजलेलाच निघाला तर?"

बस निघून गेली. पुडी माझ्याकडेच आहे.