फिलोमिनाची बाटली, मॅल्कमचा केग

फिलोमिना तुस्कानो मूळची वसईची, दोह्यात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. अल अझीझियाच्या फ्लॅटमध्ये, खिडक्या लावून, ती बिअर करायची. इथे तो गुन्हा, हे तिला ठाऊक होतं. मॉल्टचा काढा, हॉप्स, यीस्ट, सगळं तिच्या हातचं. नंतर चमचाभर साखर घालून बाटल्या भरायच्या. आत पुन्हा आंबून फेस आपोआप धरायचा.

तिचा मोठा दीर मॅल्कम याला ते बघवेना. त्याने फ्रिजमध्ये स्टीलचा केग, म्हणजे बिअरचं छोटं पिंप, बसवला, बाहेरून गॅस भरायचा, वर नळ. तिने केलेली अर्धी बिअर तो बाटल्या भरण्याआधीच नेऊन केगमध्ये ओती आणि चारचौघांत म्हणे, "हिच्या बाटलीत तळाला साका. यीस्टचा वास मारतो. माझी बघा, स्वच्छ."

ईस्टरला मदिनत खलीफात त्याच्याच घरी त्याने हे पुन्हा म्हटलं. मॅल्कमला पाठ फिरवायला लावून फिलोमिनाने साका तळाशी ठेवून बाटली अलगद ओतली, केगमधूनही ओतली. चार स्टीलचे पेले, दोन बाटलीचे, दोन केगचे.

"भाऊजी, डोळे मिटून सांगा, तुमची कुठली?"

मॅल्कमने चारही चाखले. दोन पुढे सरकवले. "ह्या माझ्या. फेस बारीक, चव भरलेली, ताज्या पावासारखी. बाकीच्या नुसत्या थंड, जिभेला टोचतात."

"पुढे केलेल्या दोन्ही माझ्या बाटलीच्या," ती म्हणाली.

त्याची बायको ग्लोरिया हसली. मॅल्कमचा चेहरा लालबुंद झाला. "पेले बदललेस तू!"

"सगळ्यांसमोर ओतलंय."

"जास्त बोलू नकोस. मी एक फोन केला ना, तर नोकरी खलास, व्हिसा खलास. कळलं?"

तिचा नवरा सबॅस्टियन ताटाकडे बघत राहिला. त्याचं ते गप्प राहणं तिला धमकीपेक्षा जास्त लागलं.

ती उठली, केग फ्रिजमधून काढून सिंकच्या कडेला ठेवला, नळ सोडला आणि रिकामा होईस्तोवर तिथेच उभी राहिली. मॅल्कम ओरडत होता. "माझ्या हातची आहे, मीच ओतणार," एवढंच ती म्हणाली. घरी जाऊन बाटल्याही तिने एकेक करून रिकाम्या केल्या.

त्यानंतर तिने कतारमध्ये बिअर केली नाही. मॅल्कमने स्वतः दोनदा केली, दोन्ही वेळा आंबट झाली. तिसऱ्यांदा त्याने सबॅस्टियनकरवी कृती मागवली.

"नाही म्हणून सांग," फिलोमिना म्हणाली, "आणि त्या दिवशी गप्प बसलास, आज तूच तोंड उघडून सांग."